साखर नसलेला कोला: डाएट कोकचा कॅन आणि त्याच्या गोडीचा हिशेब

डाएट कोकच्या कॅनवर सर्वांत मोठी अक्षरे नावाची असतात आणि सर्वांत बारीक अक्षरे नेमक्या त्या मजकुराची, जो वाचून हे पेय घरात आणायचे की नाही हे ठरवायला हवे. कॅन उजेडात जरा तिरका धरला की तो मजकूर दिसू लागतो: कार्बोनेटेड पाणी, आम्लता नियंत्रक, 951 आणि 950 या क्रमांकांचे स्वीटनर, 150डी हा कॅरमेल रंग, परिरक्षक आणि कॅफीन. यांपैकी 951 म्हणजे अ‍ॅस्पार्टेम आणि 950 म्हणजे अ‍ॅसेसल्फेम पोटॅशियम. भारतीय कायद्यानुसार या दोन पदार्थांचे मिश्रण असल्याचे, ते लहान मुलांसाठी योग्य नसल्याचे आणि फिनाइलकीटोनूरियाच्या रुग्णांनी ते घेऊ नये असे वेगळे छापावे लागते. ऊर्जेच्या रकान्यात जवळजवळ शून्य आणि साखरेच्या रकान्यात शून्य. साध्या कोलाच्या तेवढ्याच, म्हणजे 300 मिलीलिटरच्या कॅनमध्ये साधारण 32 ग्रॅम साखर असते; चहाच्या चमच्याने मोजली तर आठ चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. ती मर्यादा एका कॅनमध्येच ओलांडली जाते.

म्हणून या परीक्षणाचा निकष मी एकच ठेवला आहे, तो म्हणजे हा कॅन कशाच्या जागी प्यायला जातो. रोज साधा कोला पिणाऱ्याने त्याऐवजी हा घेतला, तर व्यवहार फायद्याचा आहे. पाण्याच्या, ताकाच्या किंवा बिनसाखरेच्या कोकम सरबताच्या जागी हा आला, तर आरोग्याच्या खात्यात काहीही जमा झालेले नाही आणि खिशातून पैसे मात्र गेले आहेत.

चवीचे आधी सांगून टाकतो. ग्लासात ओतताना याला साध्या कोलापेक्षा जास्त फेस येतो आणि तो बसायलाही वेळ लागतो. साखरेमुळे पेयाला जो किंचित दाटपणा येतो तो इथे नसतो, त्यामुळे घोट पातळ लागतो. गोडी जिभेवर जरा उशिरा येते आणि घोट उतरल्यावरही मागे रेंगाळते. काहींना त्या रेंगाळण्यात धातूसारखी किंवा कडवट छटा जाणवते. दोन स्वीटनर एकत्र वापरण्याचे कारणही यातच आहे. अ‍ॅसेसल्फेमची गोडी लवकर येते पण मागे कडू लागते, अ‍ॅस्पार्टेमची सावकाश येते आणि टिकते. दोन्ही मिसळली की एकमेकांचे दोष झाकले जातात आणि एकूण मात्राही कमी लागते. थंडगार असताना हे पेय चांगले लागते, कोमट झाल्यावर त्याचे सोंग उघडे पडते. त्याच कंपनीचा कोक झिरो चवीला साध्या कोलाच्या अधिक जवळ जातो, आणि साखर सोडू पाहणाऱ्या कोलाप्रेमी माणसाला मी तोच सुचवीन. आरोग्याच्या दृष्टीने दोघांत निवड करण्यासारखे काही नाही.

आता अ‍ॅस्पार्टेमने कर्करोग होतो या भीतीकडे वळू, जी व्हॉट्सअ‍ॅपवर दर काही महिन्यांनी नव्याने फिरते. अ‍ॅस्पार्टेमचा गोडपणा 1965 साली जेम्स श्लॅटर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाच्या योगायोगाने लक्षात आला. जठराच्या व्रणावरील औषधासाठी काम करताना त्याच्या बोटाला पावडर लागली होती आणि कागद उचलण्यासाठी त्याने ते बोट जिभेला लावले. साखरेपेक्षा सुमारे 200 पट गोड असलेल्या या पदार्थाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कोरड्या पदार्थांसाठी 1981 मध्ये आणि शीतपेयांसाठी 1983 मध्ये परवानगी दिली. तेव्हापासून त्याच्याबद्दलचा संशय कधीच पूर्णपणे निवळला नाही. जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला ‘मानवात कर्करोग होण्याची शक्यता असलेले’ अशा 2बी गटात टाकले आणि वर्तमानपत्रांचे मथळे तयार झाले. मात्र त्याच दिवशी, त्याच संघटनेशी संलग्न असलेल्या अन्नघटकविषयक तज्ज्ञ समितीने आपली जुनी मर्यादा, म्हणजे शरीराच्या दर किलोमागे दिवसाला 40 मिलिग्रॅम, बदलण्याचे कारण नाही असेही सांगितले, आणि हे वाक्य मथळ्यांत फारसे आले नाही.

ही दोन विधाने परस्परविरोधी वाटतात, पण तशी नाहीत. पहिली संस्था एखाद्या पदार्थाने कर्करोग होऊ शकतो याचा पुरावा किती पक्का आहे एवढेच सांगते. किती प्रमाणात घेतल्यावर किती धोका, हे सांगणे तिचे काम नाही. 2बी गटात पुरावा मर्यादित असलेले पदार्थ येतात, आणि कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही त्याच गटात आहे. मद्य मात्र पुरावा निर्विवाद असलेल्या पहिल्या गटात आहे. त्यामुळे कर्करोगाच्या भीतीने डाएट कोक सोडून देणारा, पण शनिवारची रम न सोडणारा गृहस्थ चुकीच्या बाटलीला घाबरतो आहे. (रममध्ये साध्या कोलाऐवजी डाएट कोला मिसळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी: साखर नसलेले मिश्रण जठरातून लवकर पुढे सरकते, त्यामुळे तेवढ्याच मद्याने रक्तातील अल्कोहोलची पातळी जास्त चढते. वाचलेल्या कॅलरींच्या समाधानात गाडीची किल्ली हाती घेणाऱ्यासाठी ही बाब किरकोळ नाही.)

प्रमाणाचा हिशेब कोणालाही घरी करता येतो. एका कॅनमध्ये 200 ते 300 मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम धरले, तर 70 किलो वजनाच्या माणसाला सुरक्षित मर्यादा ओलांडण्यासाठी दिवसाला 9 ते 14 पेक्षा जास्त कॅन प्यावे लागतील, असे जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितले आहे. तोच हिशेब 20 किलोच्या मुलाला लावला तर आकडा तीन-चार कॅनवर येतो आणि मग कॅनवरची लहान मुलांविषयीची ओळ निव्वळ औपचारिक वाटत नाही. अ‍ॅस्पार्टेमपासून मिथेनॉल तयार होते हा आक्षेप रसायनशास्त्राच्या दृष्टीने खरा आहे, परंतु त्याहून जास्त मिथेनॉल फळांच्या रसातून पोटात जाते. त्यातील फिनाइलॲलनीन हे अमिनो आम्ल एक ग्लास दुधातून कित्येक पट अधिक मिळते. फिनाइलकीटोनूरिया या दुर्मिळ जन्मजात विकारात ते आम्ल शरीराला पचवता येत नाही आणि मेंदूला इजा पोहोचते, म्हणून त्या रुग्णांसाठीची सूचना शब्दशः पाळायला हवी. इतरांच्या बाबतीत, दिवसाकाठी एखाद्या कॅनने कर्करोग होईल असे म्हणण्याइतका पुरावा आज नाही.

फ्रान्समधील एक लाखाहून अधिक लोकांच्या दीर्घकालीन अभ्यासाचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत कृत्रिम स्वीटनर जास्त घेणाऱ्यांमध्ये कर्करोगाचे आणि हृदयविकाराचे प्रमाण थोडे अधिक आढळले, आणि हे निष्कर्ष झटकून टाकण्यासारखे नाहीत. पण अशा अभ्यासांत एक गाठ असते, जी सहज सुटत नाही. डाएट पेय कोण पितो? ज्याचे वजन वाढले आहे, ज्याला डॉक्टरांनी साखर बंद करायला सांगितली आहे, ज्याच्या घरात मधुमेह आहे. अशा माणसांना पुढे हृदयविकार जास्त झाला, तर तो पेयामुळे की ज्या कारणाने ते पेय घेऊ लागले त्या कारणामुळे? संशोधक संख्याशास्त्राने हा परिणाम वेगळा काढण्याचा प्रयत्न करतात, परंतु पूर्णपणे वेगळा झाला असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

वजनाच्या प्रश्नावर माझे मत या पेयाच्या जाहिरातीपेक्षाही वेगळे आहे आणि त्याच्या विरोधकांपेक्षाही. मे 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन नियंत्रणासाठी बिनसाखरेचे स्वीटनर वापरू नयेत अशी शिफारस केली. ती सशर्त होती आणि आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नव्हती, हे दोन्ही तपशील चर्चेत हरवले. शिफारशीमागचे कारण असे की, नियंत्रित प्रयोगांत अल्पकाळ थोडे वजन उतरते, पण दीर्घकालीन निरीक्षणांत हा फायदा दिसत नाही, उलट काही आजारांशी संबंध दिसतो. आणि या निरीक्षणांना वर सांगितलेली गाठ आहेच. याउलट नेदरलँड्समध्ये 641 शाळकरी मुलांवर झालेला आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहावा. निम्म्या मुलांना रोज 250 मिलीलिटर साखरेचे पेय आणि उरलेल्यांना चवीला तसेच पण बिनसाखरेचे पेय दीड वर्ष देण्यात आले, आणि कोणाला काय मिळते हे मुलांनाही ठाऊक नव्हते. बिनसाखरेच्या गटातील मुलांचे वजन सरासरी एक किलोने कमी वाढले. ही सगळी मुले आधीपासूनच गोड पेये पिणारी होती, हे इथे महत्त्वाचे. साखरेच्या जागी स्वीटनर आला आणि फरक पडला. मुलांना डाएट पेय पाजावे असा याचा अर्थ मी काढत नाही, कारण त्या मुलांना पाणी देणे कोणालाही अशक्य नव्हते.

आपल्याकडे हा फायदा कुठे गळतो, तेही डोळ्यांसमोर असते. थिएटरमध्ये मोठे पॉपकॉर्न आणि बर्गर घेऊन ‘कोक मात्र डाएट’ असे सांगणारा माणूस सव्वाशेच्या आसपास कॅलरी वाचवतो आणि त्या वाचवल्याच्या आनंदात फ्राइज मागवतो. यात रसायनाचा दोष नाही, मनाने परस्पर मांडलेल्या हिशेबाचा आहे. पण पेयाचे परीक्षण करताना ते प्रत्यक्षात ज्या ताटासोबत येते ते ताटही मोजायलाच हवे.

मधुमेहींच्या घरांत हा विषय अधिक नाजूक असतो, कारण तिथे खरा प्रश्न कोल्याचा नसून चहाचा असतो. दिवसाला चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे, असा हिशेब असलेल्या घरात कॅनपेक्षा स्वीटनरच्या गोळ्यांची छोटी डबी अधिक कामाची ठरते. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेने टाइप 2 मधुमेह असलेल्या 210 भारतीयांवर केलेला 12 आठवड्यांचा प्रयोग 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चहा-कॉफीतील साखरेच्या जागी एका गटाला सुक्रालोज देण्यात आले. एचबीए1सी या रक्तातील साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीत लक्षणीय फरक पडला नाही, वजन आणि कंबरेचा घेर थोडा कमी झाला. निष्कर्ष माफक आहे, पण आपल्या चहाच्या कपाबद्दल आहे, म्हणून मला परदेशी शीतपेयांवरील मोठ्या अभ्यासांइतकाच तो मोलाचा वाटतो. या सुक्रालोजशी एक मराठी आडनावही जोडलेले आहे. लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात 1976 मध्ये शशिकांत फडणीस हे क्लोरीनयुक्त साखरेच्या संयुगांवर काम करत होते, आणि नमुना तपासण्याची सूचना चाखण्याची समजून त्यांनी तो जिभेवर ठेवला, असा किस्सा सांगितला जातो. प्रयोगशाळेच्या सुरक्षिततेचा हा आदर्श नव्हे, पण साखरेपेक्षा सुमारे 600 पट गोड पदार्थ त्यातून हाती लागला.

पोटातील जिवाणूंवरील परिणामाचा मुद्दा मात्र मी गंभीरपणे घेतो. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी 120 निरोगी प्रौढांवर केलेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सॅकरीन आणि सुक्रालोज घेणाऱ्यांची ग्लुकोज हाताळण्याची क्षमता दोन आठवड्यांत घटलेली दिसली. अ‍ॅस्पार्टेम आणि स्टीव्हिया घेणाऱ्यांत तसा परिणाम आढळला नाही. हा परिणाम सर्वांत सारखा नव्हता. तो ज्याच्या त्याच्या जिवाणूंवर अवलंबून होता. त्यामुळे ‘शुगर फ्री’ म्हणजे रक्तातील साखरेच्या दृष्टीने निव्वळ निरुपद्रवी, असे प्रत्येकाच्या बाबतीत गृहीत धरू नये. ज्याच्याकडे ग्लुकोमीटर आहे त्याने स्वीटनरच्या चहाआधी आणि दोन तासांनंतर एकदा मोजून पाहावे. त्याला स्वतःपुरता ढोबळ अंदाज येईल, पण दोन आठवड्यांत दिसणारा परिणाम एका मोजणीत कळत नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरी आणखी एक काळजी हवी. साखर अचानक उतरून घाम, थरथर, गोंधळ सुरू झाला असताना घाईघाईत फ्रीजमधला डाएट कॅन उघडून दिला, तर त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. तिथे ग्लुकोज, साखरपाणी किंवा साधा कोलाच लागतो. दोन्ही कॅन शेजारी ठेवणाऱ्यांनी साध्या कॅनवर जाड पेनने मोठी खूण करून ठेवावी.

दातांच्या बाबतीत या पेयाचा दावा अर्धाच खरा आहे. साखर नसल्यामुळे किडीला खाद्य मिळत नाही, हे बरोबर. पण फॉस्फोरिक आम्ल तेच असते, आम्लता जवळपास साध्या कोलाइतकीच असते आणि दातांवरचे एनॅमल त्याने झिजते. एक कॅन जेवणासोबत दहा मिनिटांत संपवणे आणि तोच टेबलावर ठेवून दुपारभर घोट घोट घेत राहणे यांत दातांसाठी मोठा फरक आहे, आणि कार्यालयात दुसरा प्रकारच अधिक चालतो. प्यायल्यावर लगेच ब्रश न करता साध्या पाण्याने चूळ भरावी. कॅफीन आहे, म्हणून झोपेच्या वेळी नको.

गोळ्या आणि पावडरींच्या बाबतीत डबीची मागची बाजू वाचल्याशिवाय खरेदी करू नये, कारण एकाच ब्रँडच्या नावाखाली कुठे अ‍ॅस्पार्टेम, कुठे सुक्रालोज, तर कुठे स्टीव्हिया असते. अ‍ॅस्पार्टेम उष्णतेने मोडते आणि गोडी हरवते, तेव्हा ते उकळत्या चहात न घालता कप हातात आल्यावर घालावे. खिरीसाठी किंवा शिऱ्यासाठी सुक्रालोज बरे. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्टीव्हियाच्या पुड्यांत बहुतांश भाग पुष्कळदा एरिथ्रिटॉल या दुसऱ्याच स्वीटनरचा असतो. 2023 मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी रक्तातील एरिथ्रिटॉलची वाढलेली पातळी आणि हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांचा संबंध दाखवला. शरीर स्वतःही थोडे एरिथ्रिटॉल तयार करते, त्यामुळे त्या निष्कर्षावर वाद आहे. तरी हृदयरोग्याने अशी पुडी डॉक्टरांना दाखवूनच घ्यावी. दिवाळीत मिळणाऱ्या ‘शुगर फ्री’ बर्फीबद्दल तर माझे मत कठोर आहे. तिच्यात माल्टिटॉल हा स्वीटनर असेल तर त्याला साखरेच्या निम्म्याच्या आसपास कॅलरी असतात आणि चार तुकड्यांनी पोट बिघडू शकते. खवा, काजू आणि तूप तर पूर्ण वजनाने हजर असतात. डाएट कोकचा कॅन निदान शून्य म्हणतो आणि शून्य देतो.

किमतीच्या बाबतीत सरकारने या दोन प्रकारांत भेद केलेला नाही. साखरेच्या आणि बिनसाखरेच्या वायुयुक्त पेयांवर सारखाच 40 टक्के जीएसटी आहे. ब्रिटनने 2018 पासून पेयातील साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला आणि अनेक कंपन्यांनी कराची पायरी टाळण्यासाठी पेयांतील साखरच कमी केली. आपल्याकडे कंपनीला तसे करण्याचे करापोटी काहीच कारण नाही, आणि ग्राहकालाही कमी साखरेचे बक्षीस मिळत नाही. 40 रुपयांच्या आसपासचा हा कॅन रोजच्या सवयीसाठी महागच आहे.

एवढे सारे लक्षात घेऊन, रोज दोन साधे कोला पिणारा पस्तिशीचा माणूस, किंवा लग्नाच्या पंगतीत गोड पेयाला नाही म्हणणे जड जाणारा मधुमेही, यांना मी हा कॅन निःसंकोच सुचवीन. गरोदर स्त्रियांनी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावा. मुलांना नको. आणि ज्याला मुळात कोल्याची सवयच नाही, त्याने ‘यात साखर नाही’ एवढ्या कारणासाठी ती लावून घेण्याची गरज नाही.

विकत घेताना कॅनच्या तळाशी छापलेली तारीख जरूर पाहावी. अ‍ॅस्पार्टेम उन्हाच्या तापाने आणि काळाने हळूहळू मोडत जाते. ते धोकादायक होत नाही, पण गोडी उतरते आणि पेय पाणचट, नुसते आंबट लागू लागते. एका दुकानाच्या दारात एप्रिलच्या उन्हात रचलेल्या खोक्यांतून आणलेला कॅन मला तसाच निघाला होता, तारीख उलटायला अजून अवकाश असूनही. तेव्हापासून मी आतल्या फ्रीजमधला कॅन मागतो, आणि तारखेला दोन महिन्यांहून कमी उरले असतील तर परत ठेवतो.